कोहमाऱ्याची रानवेल आणि नाशिकचा घड

नागपूरहून रायपूरच्या रस्त्याने निघालात, की भंडारा, लाखनी, साकोली अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि धानाच्या बांध्यांमधून, मोहा-पळसाच्या झाडांमधून गाडी कोहमाऱ्याच्या चौकात येऊन थांबते. कोहमारा म्हणजे काही शहर नव्हे. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक-अर्जुनी तालुक्यातलं हे एक गाव. पण रस्त्यांनी त्याला मोठं केलं आहे. पूर्वीचा 6 क्रमांकाचा आणि आताचा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून पूर्वेला देवरीवरून छत्तीसगडात जातो. उत्तरेचा रस्ता गोरेगाववरून गोंदियाला, तर दक्षिणेचा नवेगावबांध आणि अर्जुनी-मोरगावकडे. माहेरी निघालेली, लग्नाला चाललेली, दवाखान्यासाठी गोंदिया गाठणारी अशी या भागातली बाई कधी ना कधी इथे गाडी बदलायला उतरतेच. हातात पिशवी, कडेवर मूल आणि पुढची गाडी यायला अर्धा-पाऊण तास!

तर मैत्रिणींनो, त्या अर्ध्या-पाऊण तासात एक गोष्ट पाहून ठेवा. फेब्रुवारी-मार्चचे दिवस असतील, तर फळांच्या गाडीवर हिरव्या-पिवळ्या द्राक्षांचे घड मांडलेले दिसतील. "गोड हाये ना?" असं विचारायची आपल्याला सवय. विकणारा "हो" म्हणणारच! पण या खेपेला द्राक्षाचा दाणा चाखण्याआधी घड देठाला धरून उचला आणि नीट न्याहाळा. ज्या वेलीचा तो आहे, ती वेल इथून सात-आठशे किलोमीटरवर नाशिककडे किंवा त्याहून लांब सांगलीकडे उभी आहे. तरी तिची सगळी हकिकत त्या घडावर लिहिलेली असते. वाचता मात्र आली पाहिजे.

तुम्ही विचाराल, इथेच का नाही लावत द्राक्षं? पाणी तर इथे मुबलक! गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव अजूनही धान पिकवतात. पण जे धानाला अमृत, तेच द्राक्षाला विष. धानाला बांधीत साचलेलं पाणी हवं असतं. द्राक्षवेलीला निचऱ्याची जमीन, मोजकं पाणी आणि डोक्यावर कोरडी, स्वच्छ हवा लागते. पानं ओली राहिली की बुरशी आलीच. म्हणून महाराष्ट्रातली द्राक्षशेती नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे अशा कमी पावसाच्या पट्ट्यात वाढली. मात्र द्राक्षाच्या घराण्यातली एक वेल कोहमाऱ्याच्या आसपासच्या रानात आपणहून वाढते. तिची ओळख पुढे करून देते. आधी हातातला घड पाहू.

घडापासून मुळापर्यंत

आपण द्राक्षाचा दाणा म्हणतो, त्याला बागायतदार मणी म्हणतात. मण्यावर पांढुरकी साय असते, बोटाने पुसली की निघते. पुष्कळ जणी ती औषधाची फवारणी समजून नाक मुरडतात. ती साय वेलीने स्वतः तयार केलेल्या मेणाची असते. मण्यातलं पाणी उडून जाऊ नये, म्हणून वेलीने दिलेलं ते पांघरूण आहे. ती साय शाबूत असेल, तर घड फार हाताळला गेलेला नाही, असं खुशाल समजा. फवारणीचा अंश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा धुवायचं मात्र ते धुवायचंच. तासगाव-सांगलीकडे बेदाणा करताना द्राक्षं तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, ती हे मेण सैल करण्यासाठीच. मेण हटलं की आतलं पाणी लवकर सुटतं आणि सावलीत ठेवलेला माल लवकर वाळतो. बेदाणा या शब्दाचा अर्थच मुळी बिनदाण्याचा, म्हणजे बिनबियांचा!

पण ही बिनबियांची द्राक्षं तरी अगदी बिनबियांची कुठे असतात? आपण नेहमी खातो त्या थॉमसन जातीच्या मण्यात बी धरायला सुरुवात होते आणि मध्येच तिची वाढ थांबते. मणी चावताना कधी मऊ, बारीकसा कण दाताखाली येतो, तीच ती अर्धवट राहिलेली बी. मणी फुगवण्याची सूचना एरवी बी देते. बीच राहिली नाही, तर मणी बारीक राहतो. म्हणून बागेत जिब्रेलिक आम्लाच्या पाण्यात घड बुडवतात किंवा ते त्यावर फवारतात. गंमत पाहा, या द्रव्याचा शोध द्राक्षात लागलाच नाही, धानात लागला! जपानमध्ये धानाची काही रोपं अवाजवी उंच वाढत आणि मग माना टाकत. हे एका बुरशीच्या रसाने होतं, असं कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने 1926 मध्ये दाखवून दिलं. पुढे 1935 मध्ये याबुता या शास्त्रज्ञाने त्या द्रव्याला जिब्रेलिन हे नाव दिलं. धानाच्या एका दुखण्यातून द्राक्षाचा टपोरेपणा आला. कोहमाऱ्याच्या बांध्यांशी नाशिकच्या घडाचं हे असं लांबचं नातं!

घडाचा देठ आता पाहा. याच देठातून पाणी आणि साखर मण्यांत उतरते. देठ हिरवा, ताजा असेल तर घड काढून फार दिवस झालेले नाहीत. देठ तपकिरी आणि सुकलेला असेल, तर मणी कितीही चमकदार दिसोत, माल शिळा आहे. आणि घड हलकेच झटकला की मणी टपाटपा गळतात का, हेही बघा. पिकण्याच्या सुमारास मणी मऊ पडून काचेसारखे होऊ लागतात, त्याला बागायतदार "पाणी उतरलं" म्हणतात. द्राक्ष काढल्यानंतर आंब्यासारखं किंवा केळ्यासारखं घरी पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी आली तेवढीच. आंबट घड तांदळाच्या डब्यात ठेवून गोड होईल, ही आशा सोडा.

घडाच्या देठाला कधी कधी काडीचा तुकडा चिकटून येतो. काडी म्हणजे वेलीची कोवळी फांदी पिकून तपकिरी झालेली. काडीवर ठरावीक अंतरावर गाठी असतात. ती पेरं. प्रत्येक पेरावर एका बाजूला पान असतं आणि पानाच्या बेचक्यात डोळा. डोळा म्हणजे कळी. दिसायला एकच, पण एकाच्या पोटात तीन! मधली मोठी कळी फुटते. ती थंडीने, किडीने किंवा हाताच्या धक्क्याने गेली, तर बाजूची फुटते. तीही गेली, तर तिसरी. फक्त या राखीव कळ्यांत घड कमी असतो किंवा नसतोच. चांगली गृहिणी जसा डब्यात मूठभर डाळ मागे ठेवते, तशी ही वेलीची बेगमी.

काड्या जिथून निघतात तो आडवा, जाड हात म्हणजे ओलांडा. बागेत लोखंडी अँगल आणि तारा उभारून वेलीचे ओलांडे त्यावर बांधतात. ओलांड्याखाली खोड. खोडाची साल सोलपटांसारखी निघते, म्हणून वेल रोगट आहे असं समजू नका, तिचा स्वभावच तो. खोड नुसता खांब नव्हे. पानांनी केलेलं अन्न खोडात आणि मुळांत साठतं आणि छाटणीनंतर वेलीवर एकही पान नसतं, त्या दिवसांत नवी फूट याच साठ्यावर येते.

आणि मुळं? बहुतेक नव्या बागांत मूळ एकीचं आणि फळ दुसरीचं असतं. आधी खुंट लावतात आणि त्यावर आपल्याला हव्या त्या द्राक्षाचं कलम करतात. महाराष्ट्रात फार चालतो तो डॉगरिज नावाचा खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासचा. खारट पाणी आणि पाण्याची ओढ त्याला सोसते. त्याची स्वतःची फळं कुणी विचारत नाही. तो जमिनीखाली राहून पाणी ओढतो आणि नाव होतं वरच्या थॉमसनचं. फ्रान्समध्ये 1860 नंतर फायलोक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीने मळेच्या मळे उजाड केले, तेव्हा अशाच अमेरिकी मुळांवर कलमं करून युरोपातली द्राक्षं वाचवली गेली. परक्या घरातून आलेल्या मुळांनी घर सावरण्याची ही गोष्ट आपल्यापैकी कुणाला नवी वाटणार नाही!

पान आणि बाळी

पानाचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. उन्हात बसून साखर करायची. एका घडात गोडी भरायला साधारण दहा-पंधरा चांगली पानं राबावी लागतात. म्हणून घड जास्त आणि पानं कमी, असं झालं की मणी आंबट राहतात. पान खालच्या बाजूने श्वास घेतं आणि रोगही तिथूनच शिरतो. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसली, की तो केवडा. नाव किती सुंदर आणि रोग किती दुष्ट! त्याच्यावर मोरचूद आणि चुना यांचं जे बोर्डो मिश्रण मारतात, ते फ्रान्समधल्या बोर्डो परगण्यात मिलार्दे या प्राध्यापकांनी 1885 च्या सुमारास पुढे आणलं. पानाचा लांब दांडा पानाला उन्हाकडे वळवून धरतो. हे पानदेठ प्रयोगशाळेत तपासून वेलीला काय कमी पडतं आहे, तेही कळतं.

आता ज्याच्यासाठी एवढा प्रपंच मांडला, त्या भागाकडे वळू. काडीवर पानाच्या अगदी समोरच्या बाजूला एक हिरवी, दुभंगलेली दोरी निघते. तिला बागायतदार बाळी म्हणतात. बाळी हवेत चाचपडत असते. एखाद्या तारेला, काटकीला तिचा स्पर्श झाला, की ती वेटोळं घालते, काही दिवसांनी लाकडासारखी कडक होते आणि वेलीला धरून ठेवते. वेलीला स्वतःच्या खोडावर उभं राहता येत नाही, तिला चढायचं असतं. बाळी म्हणजे तिचा हात.

पण बागेत पाहिलंत, तर पानासमोरच्या याच जागी घडही येतो. काडीच्या खालच्या पेरांवर पानासमोर घड आणि वरच्या पेरांवर पानासमोर बाळी. कधी घडाचाच एक फाटा बाळीसारखा वळलेला असतो, कधी बाळीच्या टोकाला चार-दोन मणी लागलेले असतात. हा काही चमत्कार नाही. घड आणि बाळी एकाच अंकुराची दोन रूपं आहेत. डोळ्याच्या आत, डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान, एक अंकुर तयार होतो. जन्मतः तो घडही नसतो आणि बाळीही नसते. काय व्हायचं, ते पुढच्या काही आठवड्यांत ठरतं. ऊन, ऊब आणि पोटात अन्न मिळालं, तर तो फाट्यावर फाटे फोडून घड होतो. सावली, ढगाळ हवा, उपासमार किंवा नुसती पानांचीच उसळी असेल, तर तो बाळी होतो. उजेड मिळाला तर फळायचं, नाही मिळाला तर उजेडाकडे चढत राहायचं, असा वेलीचा साधा हिशेब!

आणि हा हिशेब केव्हा होतो? फेब्रुवारीत तुमच्या हाती आलेल्या घडाचा निर्णय आदल्या उन्हाळ्यात झालेला असतो. आपल्याकडे द्राक्षवेल युरोपातल्यासारखी थंडीत झोपत नाही. तिला पानं गाळून विसावा घ्यायला लावणारी थंडीच इथे पडत नाही. म्हणून माणसाने तिला कात्रीने शिस्त लावली. वर्षातून दोनदा छाटणी. पहिली, एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी. तीत वेल पार ओलांड्यापर्यंत बोडकी करतात. तिच्यावर येणाऱ्या फुटींनी फळ द्यायचं नसतं, काडी पिकवायची असते. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे ऐन मे-जूनच्या उन्हात, त्या नव्या काडीच्या डोळ्यांत घड धरला जातो. बाहेरून काही दिसत नाही. मग पावसाळाभर डोळा मिटून बसतो. ऑक्टोबरच्या सुमाराला दुसरी, गोडी बहाराची छाटणी. ज्या डोळ्यात घड आहे, त्याच्या पुढे काडी कापायची. डोळा उघडतो आणि पानांबरोबर आयता घड बाहेर येतो. पुढे चार-साडेचार महिन्यांनी तो कोहमाऱ्याच्या गाडीवर!

कापायचं कुठे, हा सगळा खेळ. थॉमसनसारख्या जातीत काडीच्या बुडाशी असलेले डोळे बहुधा वांझ असतात, घड काही पेरं सोडून पुढे असतो. आखूड कापलं, तर घड मागे न राहता कचऱ्यात जातो. म्हणून बरेच बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेतात आणि डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या पेरावर घड आहे ते पाहून घेतात. पोटातलं बाळ सुखरूप आहे ना, हे पाहण्यासारखंच ते!

आणि एवढं करूनही उन्हाळाच रुसला तर? 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत येऊन दाखल झाला आणि राज्यभर ढग दाटले. डोळ्यांत घड धरण्याचे नेमके तेच दिवस. पुढच्या हंगामात घड कमी निघाल्याची तक्रार द्राक्षपट्ट्यातून आली. वेली हिरव्यागार होत्या, पानं होती, बाळ्या होत्या. घड मात्र आत धरलेच नव्हते. बाहेरून भरलेली दिसणारी बाग आतून रिकामी निघते, तेव्हा कर्जाचा हप्ता मात्र रिकामा राहत नाही. म्हणून फेब्रुवारीत आपण "एवढी महाग?" म्हणून घासाघीस करतो, तेव्हा तो भाव काही अंशी आदल्या मे महिन्यातल्या ढगांनी ठरवलेला असतो.

त्या घडावर हातही किती फिरलेले असतात! घड बाहेर आला, की मणी दाटीवाटीने बसतात. तसेच वाढू दिले तर एकमेकांना चेपतात आणि कुजतात. म्हणून विरळणी करतात. बारीक कात्री घेऊन एकेका घडातले नको ते मणी वेगळे काढायचे. नाशिक भागात सुरगाणा, पेठ अशा डोंगरी तालुक्यांतल्या मजूर बाया या कामासाठी दिंडोरी-निफाडकडच्या बागांत येतात. मांडवाखाली दिवसभर मान वर करून, हात उंच धरून काम. घडाभोवती गुंडाळणाऱ्या बाळ्याही खुडून टाकायच्या, कारण तारेवर बांधलेल्या वेलीला आता चढायची गरज नाही. म्हणून बाजारात आलेल्या घडाबरोबर आपल्याला बाळी सहसा दिसत नाही. वेलीचा अर्धा स्वभाव बागेतच खुडून राहिलेला असतो.

नवेगावच्या रस्त्यावर

तो अर्धा स्वभाव पाहायचा असेल, तर पुन्हा एकदा कोहमाऱ्याला उतरा. या वेळी पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. चौकातून दक्षिणेला नवेगावबांधचा रस्ता धरा. बांध्यांमध्ये रोवणी झालेली असते, धान पोपटी दिसतं आणि थोड्याच वेळात जंगलाची सोबत सुरू होते. नवेगावला 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, नागझिरा त्याआधी 1970 पासून अभयारण्य होतंच, आणि 2013 मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पावसाळ्यात गाभ्याच्या जंगलातली सफारी बंद असते. पण आपल्याला आत जायचंच नाही. अशी रानवेल रस्त्याकडेच्या झुडपांवर आणि कुंपणांवर शोधायची असते.

तळहाताहून मोठं, देठाशी हृदयासारखं खाच पडलेलं, कडेला कोनाकोनांचं पान दिसलं, की थांबा. हे पान तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल. द्राक्षाचंच ते, जरा राठ आणि रानवट. ही रानद्राक्षाची वेल. शास्त्रज्ञ तिला अँपेलोसिसस लॅटिफोलिया म्हणतात. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलांत ती पुष्कळ ठिकाणी आढळते. उन्हाळ्यात ती जमिनीवरून नाहीशी होते, जमिनीखालच्या कंदासारख्या मुळांत अन्न राखून निजते. पावसाची पहिली सर आली, की फूट वर येते आणि मिळेल त्या झुडपाला धरून चढत जाते. तिला ना खुंट, ना कलम, ना कात्री.

आता तिच्या फुलाचा देठ शोधा. पानाच्या समोरच निघालेला असतो. त्याला बारीक, तांबूस फुलांचा दाट झुबका लागलेला आणि त्याच देठातून एक बाळी फुटून शेजारच्या फांदीला विळखा घालून बसलेली! फूल आणि हात एकाच देठावर. नाशिकच्या बागेत जी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावी लागते, ती या रानवेलीने उघड्यावर मांडून ठेवली आहे. धरायचंही आणि फळायचंही, दोन्ही एकाच दमात. पुढे तिला वाटाण्याएवढी फळं धरतात, पिकल्यावर काळी होतात. ती पाखरांसाठी सोडा. रानातली अनोळखी फळं मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका, घशाला खाज सुटली तर प्रवासात पंचाईत होते.

आणखी एक पाहा. गर्द सावलीत अडकलेली वेल बहुधा नुसती पानं आणि बाळ्या काढत लांब जाते. रस्त्याच्या कडेला ऊन मिळालेली वेल मात्र झुबक्यांनी भरते. हेच वेलीचं मूळ शहाणपण. द्राक्षाची पूर्वज वेलही अशीच रानातली चढणारी होती. झाडाच्या सावलीत तिने फळ देऊन उपयोग नव्हता. पाखरं उजेडात येतात, बी तीच नेतात. म्हणून आधी चढ, मग फळ. बागायतदार तारा, ओलांडे, छाटण्या, विरळ केलेली पानं असा एवढा खटाटोप करतो, तो शेवटी एकाच गोष्टीसाठी. प्रत्येक डोळ्याला उजेड मिळावा. एवढं झालं, की वेल आपणहून हात आवरते आणि घड देते.

जिला कोहमाऱ्याला जाणं जमणार नाही, तिने निदान आपल्या गच्चीतली कुंडी बघावी. पुष्कळ घरी कांडवेल असते, हाडजोड म्हणतात ती. चौकोनी, हिरव्या कांड्यांची. तीही द्राक्षाच्याच घराण्यातली. तिच्या पेरावर एका बाजूला छोटंसं पान आणि बरोबर समोर बाळी दिसेल. ती हाताळताना हात खाजतात, तेव्हा जपून. आणि मोडलेल्या हाडावर तिचा भरवसा न ठेवता आधी डॉक्टरांकडे जा, बरं का.

आता थोडं घरचं. द्राक्षं आणल्या आणल्या सगळी धुवून ठेवू नका. साय निघाली, ओल राहिली, की बुरशी लवकर धरते. फुटलेले, गळलेले मणी तेवढे वेगळे करा, बाकीचा घड कोरडाच शीतकपाटात ठेवा. खायच्या वेळी लागतील तेवढी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. लहान मुलांना मणी अख्खा देऊ नका. उभा चिरून, चार फोडी करून द्या, घशात अडकण्याची भीती कमी होते. थोडी आंबट निघालीच, तर टाकू नका. मोहरी फेसलेल्या दह्यात घालून कोशिंबीर करा किंवा मीठ, मिरी, गूळ लावून चटकदार लोणचं. जेवणाच्या पानात मजा आणतं.

कोहमाऱ्याला जायचं असेल, तर नागपूरहून एस.टी. सोयीची आणि रेल्वेने आलात तर गोंदियाला उतरून गोरेगावमार्गे या. सोबत पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात छत्री हवीच. चौकात गाडीची वाट पाहत असाल आणि मुलं कंटाळली असतील, तर जवळच्या एखाद्या कुंपणावरची वेल दाखवा आणि विचारा, "हिच्या पानाच्या समोर काय आहे, शोध बघू!" बाळी सापडली, की आजच्या लेखातली निम्मी गोष्ट त्यांनी स्वतः पाहिली. उरलेली निम्मी फेब्रुवारीत, घड हातात घेऊन सांगा.